वाढत्या अंगाची झोळी

मी एक जुनी झोळी आहे. मित्रांनो, झोळी म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणी खिशातलं नाणं चाचपलं असेल तर ते खिशातच राहू द्या. मी दारोदार फिरणाऱ्याच्या खांद्यावरची झोळी नाही. छताच्या कडीला टांगून झोके द्यायचीही नाही. मी माणसाच्या अंगावर बाळ बांधायची झोळी आहे. दुकानात मला 'बेबी रॅप' म्हणत. मला बक्कल नाही, चेन नाही, खिसा नाही. मी म्हणजे नुसता एक लांबच लांब सुती पट्टा. तो छातीवरून, पाठीवरून आणि दोन्ही खांद्यांवरून फिरवायचा, मध्ये बाळ बसवायचं आणि गाठ मारायची. काम एवढंच आहे. पण त्याच कामात माझ्या हातून एकदा काय होता होता राहिलं, ते आज मला सांगायचं आहे. आठवलं की अजून माझे धागे ताठ होतात.

माझा जन्म एका अबोल विणकराच्या मागावर झाला. त्याने मला तिरक्या विणीने विणलं, म्हणजे अंगावर थोडी झुकेन पण भार पडल्यावर लोंबणार नाही. सव्वापाच मीटर लांबी भरली आणि एकही धागा तुटला नाही. मागावरून मला उतरवताना तो बायकोला म्हणाला, "एवढी लांब, आणि कुठे जोड नाही. बघ तरी." दिवसभरात तो तेवढंच बोलला असेल. पण मी तिथेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. लांबी हाच आपला मोठेपणा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुकानाच्या फळीवर माझ्याशेजारी एक चार मीटरची झोळी होती. तिला मी 'उरलेला तुकडा' म्हणत असे. खालच्या फळीवर बनियनच्या कापडाच्या, ताणल्या जाणाऱ्या झोळ्या होत्या. एका खुंटीवर कडीवाल्या होत्या आणि काचेच्या कपाटात बक्कलवाल्या मिरवत बसल्या होत्या. गिऱ्हाईक आलं की दुकानदारीणबाई आधी एकच प्रश्न विचारत, "बांधणार कोण?" तो प्रश्न मला फार बावळट वाटायचा. बाळ कोणाचं आहे ते विचारावं, किती दिवसांचं आहे ते विचारावं. बांधणाऱ्याची एवढी चौकशी कशाला?

एका सकाळी एक आजी आणि तिचा मुलगा दुकानात आले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. आजीने चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. गळ्यात टेप तशीच होती, काढायची विसरलेली. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा आजी म्हणाली, "सून बांधणार. पण ती दवाखान्यात आहे. नात दीड महिना आधीच आली, अजून काचेच्या पेटीत आहे. हा उभा आहे ना, ह्याच्यावरच बांधून दाखवा."

"सूनबाई ह्यांच्याएवढ्या उंच आहेत का?" बाईंनी विचारलं.

मुलगा हसला आणि त्याने स्वतःच्या छातीच्या खाली हात धरून दाखवला. "एवढीशी आहे. घड्याळं दुरुस्त करते. तिच्या दुकानात तिला सगळे 'चिमटी' म्हणतात."

बाईंनी लगेच माझ्याशेजारच्या आखूड झोळीला हात घातला. आजीने तो हात तिथेच अडवला. "आखूड कशाला? उद्या बाळ मोठं झालं की पुरायला नको का? चांगली वाढत्या अंगाची द्या."

मग वाळू भरलेल्या बाहुलीसकट मला त्या उंच माणसावर बांधण्यात आलं. त्याच्या रुंद खांद्यांवर मी काय शोभले! तो आरशासमोर इकडून तिकडे फिरला. "मस्त बसतेय, आई. काही जाणवतच नाही." बाईंनी पुन्हा एकदा तोंड उघडलं, पण आजी तोवर माझी घडी घालून मोकळी झाली होती. आखूड झोळीकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला आजीचं शिलाई मशीन आणि खिडकीखाली सुनेचं घड्याळांचं छोटं टेबल. तिच्या दुकानाच्या मालकाने काही कामं घरी पाठवली होती, त्यामुळे खिळ्यांवर दहा-बारा घड्याळं टांगलेली आणि प्रत्येकाची टिकटिक वेगळी.

आजीचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा, नाहीतर तुम्ही तिला दुष्ट समजाल. ती अजिबात दुष्ट नव्हती. तिने आयुष्यभर वाढत्या मुलांचे कपडे शिवले होते. चड्डीची दुमड चार बोटं, बाहीची दुमड चार बोटं, कमरेला आत दाबलेलं कापड वेगळंच. तिच्या हातचा गणवेश पहिल्या वर्षी मूल घालत नसे, त्यात राहायला जाई. आईबापांचे पैसे वाचत आणि ते तिला दुवा देत. जे अंगाला आज बरोबर बसतं ते उद्या फुकट जातं, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं.

सून बाळाला घेऊन घरी आली त्या दिवशी मी बाळाला पहिल्यांदा पाहिलं आणि माझं पाणी पाणी झालं. एक किलो साडेआठशे ग्रॅम. मुठी लिमलेटच्या गोळीएवढ्या. दवाखान्याने घरी सोडताना बजावलं होतं की ह्या बाळाला अंगाची ऊब हवी. दिवसाचा जास्तीत जास्त वेळ उभं धरून आईच्या छातीशी ठेवायचं. ऊब मिळाली तर ती दूध ओढेल, दूध ओढलं तर वजन वाढेल. दर गुरुवारी एक सिस्टर काटा घेऊन घरी येणार होती. वजन घसरत गेलं तर बाळ पुन्हा काचेच्या पेटीत जाणार होतं, आणि आईने बाहेर बाकावर बसायचं.

आणि ती आई! तिला पाहून मी चरकले. चिमटी हे नाव लोकांनी उगाच ठेवलं नव्हतं. खांदे अरुंद, धड आखूड, पोटावर ऑपरेशनचे टाके अजून ओले. आजीने मला तिच्यावर बांधायला घेतलं. एक वेढा झाला, दुसरा झाला, तरी माझं निम्मं अंग जमिनीवर लोळत होतं. मग तिसरा वेढा. माझी रुंदीही तिला झेपेना. खांद्यावर घेतलेलं कापड दंडावर घसरे, छातीवर चुण्यांचा ढीग होई. एवढं करून मागे गाठ मारल्यावर दोन्ही शेपट्या तिच्या टाचांपर्यंत लोंबत राहिल्या.

"आई, सैल वाटतंय," ती हळूच म्हणाली.

"अगं, बाळाला हलायला, वाढायला जागा नको का? आवळून मारायचंय का तिला?"

नव्या आईला सगळेच शिकवत असतात आणि तिला कुणाचं ऐकावं ते कळत नाही. पहिल्या गुरुवारी काटा तीस ग्रॅमने पुढे गेला, तेव्हा आजीची मान ताठ झाली. माझीही झाली. सिस्टर आली तेव्हा बाळ पाळण्यात होतं, त्यामुळे मला बांधलेलं तिने पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं.

नवरा कामावर गेला होता. आजी आत भांडी घासत होती, नळ मोठा सोडलेला होता. आईने बाळाला माझ्यात घेतलं आणि खिडकीखालच्या टेबलाशी बसली. एका मनगटी घड्याळाचा स्क्रू बसवायचा राहिला होता. डोळ्याला भिंग लावलं आणि ती पुढे वाकली.

ती वाकली तशी मी सुटत गेले. गाठ जागेवर होती, पण तीन वेढ्यांमध्ये जे जास्तीचं कापड साठलं होतं ते एकेक करून खाली सरकू लागलं. बाळ माझ्या पोटात बोटभर खाली गेलं. मग आणखी बोटभर. तिची पाठ गोल झाली. मान पुढे पडली आणि हनुवटी छातीला टेकली. वरून माझ्याच चुण्यांनी तिचं तोंड झाकलं.

मित्रांनो, एवढ्याशा बाळाला मान उचलता येत नाही. हनुवटी छातीला टेकली की त्याच्या श्वासाची वाट चेपते. ते रडत नाही, हातपाय झाडत नाही. मोठ्यांना वाटतं की छान झोपलंय.

मला मात्र सगळं कळत होतं. तिचा श्वास माझ्यावरच आपटत होता. आधी तो उबदार, भरभर येत होता. मग थांबून थांबून येऊ लागला. मग नुसती धग उरली. मला ओरडायचं होतं. मला त्या बाईच्या अंगाला करकचून चावायचं होतं. पण मी कापड! माझ्या सव्वापाच मीटरमध्ये कुठे एक तोंड नव्हतं.

आईने चिमट्यात स्क्रू धरला होता. तो अर्ध्यात थांबला. तिने मान वाकडी करून कान दिला, जसा ती बिघडलेल्या घड्याळाला देते. भिंतीवरची दहा-बारा घड्याळं चालली होती. ह्या बाळाला श्वास घेताना घुरघुर असा बारीक आवाज करायची सवय होती, आणि तो त्या टिकटिकीत मिसळून तिच्या कानांवर दिवसभर पडत असे. आता तो नव्हता. तिने भिंग झटकून टाकलं.

"आई! आई!" ती किंचाळली आणि उठायला गेली, पण उठता येईना. माझी एक शेपटी खुर्चीच्या पायाखाली अडकली होती. तिने हात मागे नेले. तिचे हात आखूड, गाठ पाठीवर मधोमध. बोटं गाठीला लागत होती पण सोडवता येत नव्हती. तिने ओढलं, मी आणखी आवळले. जिथे घट्ट असायला हवं होतं तिथे मी सैल सुटले होते आणि जिथे सुटायला हवं होतं तिथे मी घट्ट बसले होते. माझी ती कौतुकाची लांबी त्या घटकेला त्या बाळाच्या जिवावर उठली होती.

मग तिने गाठीचा नाद सोडला. वरून दोन्ही हात माझ्यात कोपरापर्यंत खुपसले, बाळाची हनुवटी बोटांनी उचलली आणि माझे तिन्ही पदर सगळा जीव एकवटून खाली दाबले. बाळाचं तोंड बाहेर आलं. ओठ निळसर दिसत होते. तिने पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन. घड्याळं चालतच होती.

चौथ्या टिचकीला बाळाने आचका दिला आणि मग असं काही रडलं की खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. आजी दारात उभी होती, कोपरापर्यंत साबणाचे हात तसेच. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

माणूस घाबरला की रागावतो. आजी रागावली. "तुला बांधता येत नाही! सांगितलं होतं, वाकू नकोस म्हणून. एवढी चांगली झोळी आणली—"

सून भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, बाळ उघड्या छातीशी धरून. तिचा आवाज चढला नाही. "आई, बाळ वाढेल. मी वाढणार आहे का?"

संध्याकाळी नवरा आला, त्याला सगळं कळलं तेव्हा तो बाळाच्या पाळण्यापाशी जाऊन उभा राहिला. "मी आरशात बघितलं होतं गं. छान बसत होती."

"तुम्हाला बसत होती," ती म्हणाली.

त्यानंतर मला गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर फेकण्यात आलं. कुणी घडीसुद्धा घातली नाही, आणि मी ती अपेक्षाही केली नाही. वरून मला खोलीतलं सगळं दिसत होतं. आई बाळाला हातांवर धरून बसायची. तासाभराने तिचे दंड थरथरू लागत. टाके ओढले जात. मग ती बाळाला पाळण्यात ठेवी, बाळ गार पडे, गार पडलं की झोपून राही, झोपलं की दूध ओढत नसे. पुढच्या गुरुवारी सिस्टरने कापडी पाळणा आकड्याला टांगला आणि काटा एक किलो आठशे साठवर थांबला. वीस ग्रॅम कमी.

सिस्टर काटेकोर बाई होती, पण खडूस नव्हती. तिने घडलेला प्रकार ऐकून घेतला, मला वरून काढायला लावलं आणि हात लांब करून मोजलं. "ही कुणी निवडली?"

"मी," आजी म्हणाली. तिने दुसऱ्या कुणावर ढकललं नाही, हे मला आवडलं.

"आजी, कापड वाईट नाही. पण ही ह्या ताईंसाठी नाही. झोळी बाळाच्या मापाची घ्यायची नसते, बांधणाऱ्याच्या मापाची घ्यायची असते. बाळ कितीही लहान असलं तरी भार कुणाच्या अंगावर आहे? ताईंची उंची कमी, धड आखूड. त्यांना दोन वेढ्यांत संपेल एवढंच कापड हवं. रुंदीही कमी, नाहीतर खांद्यावरून घसरणार. तिसरा पदर नको, उकडतं आणि सैल पडतं. गाठ टाक्यांच्या वर, बाजूला, हात पोचेल तिथे. आणि बांधून झालं की मान जराशी वाकवून ताईंना तिच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे. चेहरा सतत दिसला पाहिजे. हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत."

"दुसरी आणतो," नवरा म्हणाला.

"आणा, नाहीतर हीच कापा. पण ताईंच्या अंगावर माप घेऊन." मग तिने वही उघडली आणि आवाज खाली आणला. "तीन आठवडे. अडीच किलो झाले तर मी हिचं नाव कमी वजनाच्या बाळांच्या यादीतून काढते. पण मधल्या एकाही गुरुवारी काटा मागे आला तर मला हिला दवाखान्यात पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

सिस्टर गेली. आजीने मला उचललं, मशीनजवळ नेलं, आणि गळ्यातली टेप काढून सुनेला म्हणाली, "इकडे ये. उभी राहा."

सून घरात येऊन चार वर्षं झाली होती, पण आजीने तिचं माप कधी घेतलं नव्हतं. तिचे कपडे ती अंदाजाने शिवत असे, दोन अंगुळं मोठेच. आता तिने खांदा मोजला, छाती मोजली, बगलेपासून कंबर मोजली. प्रत्येक आकडा पाहून ती थांबत होती. "एवढीच आहेस?" ती पुटपुटली.

मला टेबलावर पसरण्यात आलं. आजीने खडूने रेघ मारली. मग कात्री उचलली आणि सवयीने ती रेघेच्या चार बोटं पलीकडे टेकवली.

सुनेने रेघेवर बोट ठेवलं. "आई, खुणेवर."

"थोडं तरी राहू दे गं. एकदा कापलं की परत जोडता येत नाही."

"खुणेवर."

चाळीस वर्षांत तिने खुणेवर कात्री चालवली नव्हती. मी तर अर्धमेली झाले होते. माझी ती अखंड, बिनजोड लांबी! पण खरं सांगते मित्रांनो, त्या घटकेला मी मनात म्हणत होते, काप बाई, लवकर काप. तो थांबत चाललेला श्वास मला विसरता येत नव्हता.

कात्री खुणेवर चालली. सव्वा मीटर गेलं. रुंदीतूनही चार बोटांची पट्टी गेली. टोकं तिरपी कापली, म्हणजे गाठ लहान बसेल. कडा दुमडून शिवल्या आणि मी खाली उतरले तेव्हा दुकानातल्या त्या 'उरलेल्या तुकड्या'एवढीच उरले होते.

आधी साखरेची दोन किलोची पिशवी बांधून पाहिली. सुनेला पुढे वाकायला लावलं, बसायला लावलं, जिना उतरून चढायला लावलं. पिशवी तसूभरही हलली नाही. गाठीखाली शेपट्या चार-चार बोटं राहिल्या, जास्त नाही. मग बाळ. मी तिला पाठीवर तळहात ठेवल्यासारखी धरून राहिले. आईने मान वाकवून टाळूचा पापा घेतला. बाळाने घुरघुर केलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

पुढचे तीन आठवडे आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. आई मला सकाळी बांधायची ती दिवस मावळेपर्यंत. मध्ये दूध पाजण्यापुरतं, दुपटं बदलण्यापुरतं सोडायची. दर पाच मिनिटांनी हनुवटीखाली दोन बोटं. पहिल्या गुरुवारी काटा दोन किलो वीसवर गेला. दुसऱ्या गुरुवारी दोन किलो दोनशे तीस. घरात आता एकच विषय होता. नवरा कामावरून फोन करायचा, "किती प्यायली?" खालच्या बाई दारातून विचारायच्या, "किती झाली?" आजी तर डोळ्यांत तेल घालून बसलेली. दूध किती वेळ ओढलं, दुपटी किती भिजली, सगळं तिला तोंडपाठ.

आणि ह्या सगळ्यात मला एक गोष्ट जाणवत होती, जी दुसऱ्या कुणालाच कळली नव्हती. आई उभ्याने जेवायची. बसून वाकली तर बाळाच्या डोक्यावर सांडेल म्हणून चार घास कसेबसे खायची आणि ताट ओट्यावर ठेवून द्यायची. दुपारी बाळ झोपलं तरी ती डोळा लागू देत नसे, कान देऊन बसून राही. रोज सकाळी ती गाठ मारायची तेव्हा माझ्या शेपट्या आदल्या दिवसापेक्षा किंचित लांब राहायच्या. आधी मला वाटलं की मला भास होतोय. मग मी घाबरले. पण मला कोण विचारणार?

तिसरा गुरुवार उजाडला. सिस्टर आली, हात धुतले, आकडा दाराच्या चौकटीला अडकवला. नवऱ्याने रजा घेतली होती. आजी म्हणाली, "झोळीसकट घ्या की वजन, गारठेल ती."

"आजी, झोळीचं वजन मला नको," सिस्टर म्हणाली, आणि मला खुर्चीच्या हातावर टाकलं.

काटा वर गेला, खाली आला, थरथरला. बाळाने नेमका तेव्हाच पाय झाडला. सिस्टरने बोटाने पाळणा स्थिर केला. काटा एकदा दोन किलो चारशे नव्वदवर टेकला आणि माझ्या धाग्याधाग्यात कळ गेली. मग तो सावकाश पुढे सरकला आणि थांबला.

"दोन किलो पाचशे दहा," सिस्टर म्हणाली आणि वहीत एका नावावर रेघ मारली. "काठावर, पण पास."

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं, त्याचे खांदे गदगदत होते. आजीने देवाला नाही, टेपलाच हात जोडले. आई हसली आणि सवयीने मला पुन्हा अंगावर घ्यायला लागली. बाळ बसवलं, दोन वेढे घेतले, बाजूला गाठ मारली. आजी शेपट्या सारख्या करायला पुढे झाली आणि तिचे हात तिथेच थांबले.

तिने गाठीखाली बोटं लावून पाहिली. चार बोटं. मग आणखी चार. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"काय झालं आई?" मुलाने विचारलं.

"मी खुणेवर कापली होती. शेपट्या चार बोटं होत्या. आता वीतभर आहेत."

"कापड सैलावलं असेल."

"सुती आहे रे. धुतलं की आटतं, वाढत नाही. आणि बाळ साडेसहाशे ग्रॅम वाढलंय. शेपट्या आखूड व्हायला हव्यात, लांब कशा झाल्या?" तिने गळ्यातली टेप ओढली, सुनेच्या कमरेभोवती घातली, आकडा पाहिला. तो मोठ्याने वाचला नाही. टेप तिच्या हातातून गळून पडली.

"अगं," ती म्हणाली, "एवढी तू गेलीस कुठे?"

आईने हसण्याचा प्रयत्न केला. "तिच्यात गेले असेन." मग ते हसू तिला पुरलं नाही. तिचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "आई, मला तीन आठवड्यांपासून भूक लागलीय."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. नवरा ओट्याकडे धावला. आजीने माझी गाठ सोडली, बाळाला दोन्ही हातांनी उचलून घेतलं आणि सुनेला खुर्चीत बसवलं. त्या दिवशी ती बसून जेवली, दोन्ही हातांनी, मान खाली घालून, मध्येच रडत. मी तिच्या मांडीवर पडले होते. घास माझ्यावर सांडत होते आणि मला जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं.

आता ती मुलगी शाळेत जाते. आजीने तिचा गणवेश शिवला आहे, वाढत्या अंगाचा, कारण मुलं खरंच वाढतात. मी विटले आहे, तिरक्या टोकांशी विरले आहे, कपाटात खालच्या कप्प्यात असते. मला त्याचं दुःख नाही. फक्त एक मागणं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी, कुणाकडे नवं बाळ आलं की तुम्ही बघायला जाल. बाळाचं नाक कुणासारखं आहे ते बघाल, वजन विचाराल, मुठीत बोट द्याल. जरूर द्या. पण ते करून झालं की नजर जरा वर न्या. तिथे आणखी एक चेहरा असतो. त्याला विचारा, "तू जेवलीस का?"